चहाच्या ग्लासातल्या अकरा टिपा

माझा जावई वगदी माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघतो. लग्नाची बोलणी करायला आला तेव्हाही माझ्या हातांकडेच बघत होता. मला वाटलं, लाजतोय बिचारा. माझी मुलगी नगात म्हणाली, "अम्मा, शिकलेली माणसं अशीच खाली बघून बोलतात." सहा वर्षांनी मला कळलं की हा लाजत वगैरे काही नव्हता. समोरच्याच्या हातून काय चुकतंय ते शोधत होता.

मंगळवारी सकाळी त्याने बयूमीला घरी पाठवून दिलं.

बयूमी आमचा कातारी. इझबेत एल-बुर्गच्या धक्क्यामागे आमचा लेथचा कारखाना आहे, खाली मशीन आणि वर मी. होड्यांच्या पंख्यांचे शाफ्ट, नांगराच्या चाकांचे आस, पंपांचे दांडे, सगळं आमच्याकडे कातून जातं. बयूमी माझ्या नवऱ्याच्या, मुतवल्लीच्या हाताखाली शिकला. मुतवल्ली गेल्यावर नऊ वर्षं त्याने एकट्याने ते मशीन चालवलं. ते मशीन माझ्या लग्नाच्याही आधीचं आहे. त्याची खोड कुठे, ढिलाई कुठे, थंडीत ते कुठल्या गियरला कुरकुरतं, हे सगळं बयूमीला ठाऊक. असल्या उस्ताला, कसलेल्या कारागिराला, वगदीने चार जणांसमोर सांगितलं, "उस्ता, तुमचा हात थरथरतो. आता घरी आराम करा."

तेही चहाच्या आधी! आमच्या बुर्गमध्ये माणसाला कामावरून काढायचं झालं तरी आधी त्याच्या हातात चहा देतात.

त्या चौघांत तांडेल तुलबा होता. मशीनवर चढवलेला शाफ्ट त्याच्याच होडीचा. म्हणजे दुपारच्या नमाजापर्यंत नदीच्या दोन्ही काठांना कळलं की हाज्जा इन्शिराहच्या, म्हणजे माझ्या, कारखान्यातल्या बयूमीचा हात गेला. कातारी माणसाबद्दल एकदा असं बोललं गेलं की त्याला दुसरं कुठलं मशीन मिळत नाही. आंधळा झाला म्हटलं असतं तरी लोकांनी एखादं काम दिलं असतं.

मी त्या दिवशी सकाळी बहिणीकडे गेले होते. परत आले तर मशीन बंद, शाफ्ट मशीनच्या चकात तसाच, आणि बयूमीची चहाची पेटी कोपऱ्यातून गायब.

"बयूमी कुठाय?" मी विचारलं.

वगदी माझ्या हातांकडे बघत म्हणाला, "हाज्जा, मी तुम्हाला सांगणारच होतो."

"आधी की नंतर?"

"कातायच्या अकरा टिपा तोडल्या त्याने. दोन दिवसांत अकरा! एकेक टिप काय भावाची आहे माहितेय तुम्हाला?"

"भाव मला नंतर सांग. तोडल्या कशा ते सांग."

"हात थरथरतो ना. तुम्ही बघितलंय, चहाचा ग्लास धरतो तेव्हा बशीत खळखळ आवाज होतो."

हे खरं होतं. चहा पिताना बयूमीचा हात थरथरतो. तीन वर्षं झाली. पण त्याच हाताने मशीनचं चाक धरलं की तो हात लोखंडाचा होतो, हेही मी बघितलंय. वगदीने ग्लास बघितला, चाक बघितलं नाही.

मी म्हटलं, "तुटलेल्या टिपा दाखव."

त्या त्याने चहाच्या ग्लासात टाकून ठेवल्या होत्या. पुरावा म्हणून, असं म्हणाला. मी ग्लास घेतला, जिना चढून वर आले, ताटावर पांढरं फडकं पसरलं आणि अकराच्या अकरा ओळीने मांडल्या.

मला अक्षर फारसं येत नाही. सही करते, आकडे वाचते, खोक्यांवर बारीक काय लिहिलंय ते वाचता येत नाही. पण चाळीस वर्षं रोज संध्याकाळी मी टिपा निवडल्या आहेत. आमच्याकडे कातारी लोक या टिपेला लुकमा म्हणतात, म्हणजे घास. नखाएवढा कार्बाइडचा तुकडा. होल्डरमध्ये बसवायचा, फिरत्या लोखंडाला लावायचा. एक कोपरा संपला की फिरवून दुसरा लावायचा. मुतवल्ली दिवसभराच्या टिपा माझ्या पदरात आणून टाकायचा. संपलेल्या कोपऱ्यावर मी नखांच्या लाल रंगाचा ठिपका लावायची, म्हणजे तोच कोपरा चुकून परत वापरात येऊ नये. शेजारणी म्हणायच्या, इन्शिराहला नखं रंगवायला वेळ नाही आणि बाटली मात्र महिन्याला लागते.

असे हजारो कोपरे बघितले की टिप कशाने मेली ते कळतं. झिजून मेलेल्या टिपेची कड साबणासारखी गोल होते. फार वेगात जळलेली काळीनिळी पडते, वरून खळगा पडतो. आणि कातारी चुकून टिप लोखंडात घुसवतो तेव्हा टिप मधोमध दुभंगते, तिच्याखालची बैठकसुद्धा ओरबाडून निघते.

या अकरांमध्ये एकही दुभंगलेली नव्हती. अकराच्या अकरांचं नुसतं टोक उडालं होतं, जिथल्या तिथे, आणि बाकीची कड कालच खोक्यातून काढल्यासारखी. मी खाली जाऊन होल्डरची बैठक बोटाने चाचपली. गुळगुळीत होती. एकसुद्धा ओरखडा नव्हता.

थरथरत्या हाताने अकरा वेळा नेमकं एकसारखं तोडून दाखव म्हणावं!

आता त्या टिपांबद्दल सांगते. वगदी दोन महिन्यांपूर्वी दुमयात शहरातून एक खोकं घेऊन आला होता. सोनेरी टिपा. लांबट, दोन्हीकडे सुईसारखी टोकं. खोक्यावर चकचकीत दांड्याचं चित्र. दुमयातला लोक नवरीच्या खोलीचं फर्निचर घ्यायला जातात ना, तसंच त्याने दुकानदाराला विचारलं असणार, सगळ्यात भारी कोणतं? आणि दुकानदाराने सोन्याचा मुलामा दाखवला असणार. आपलं मशीन केवढं जुनं, आपल्याकडे काम कसलं येतं, हे त्याने सांगितलं नाही आणि दुकानदाराने विचारलं नाही.

आणि त्याच दिवशी मी त्याला टिपांच्या कपाटाची किल्ली दिली होती. हेही सांगायला हवं. नगातच्या सासरची माणसं समोर बसली होती, सोनेरी खोकं हातोहात फिरत होतं, सगळे वाहवा करत होते. मलाही ऐट आली. मी गळ्यातून किल्ली काढली आणि म्हटलं, "आजपासून कुठली टिप घ्यायची ते वगदी ठरवेल." बयूमी दारात उभा होता. त्या दिवसापासून संध्याकाळच्या टिपा वर माझ्याकडे यायच्या बंद झाल्या.

मी ओढणी घेतली आणि बाहेर पडले. आधी बयूमीकडे जायचं मनात होतं, पण रिकाम्या हाताने जाऊन काय सांगणार? टिपांची टोकं कशाने उडाली ते मला कळायला हवं होतं. म्हणून होड्यांच्या गोदीत गेले, वेल्डर झगलूलकडे.

तुलबाचा शाफ्ट नवा नव्हता. जिथे तो बुशच्या कड्यात फिरतो तिथे झिजून बारीक झाला होता. असा शाफ्ट आधी गोदीत वेल्डिंगने भरून घेतात, जाडजूड, खडबडीत, आणि मग आमच्याकडे तो थर कातून मापात येतो. बुर्गमध्ये सगळे असंच करतात. नवा शाफ्ट परवडतो कुणाला!

झगलूल होडीच्या सावलीत बसून खारवलेला मासा आणि कांदा खात होता.

"या हाज्जा, घास घ्या."

"घास माझ्या कारखान्यात अकरा तुटलेत. तुलबाच्या शाफ्टवर कुठली कांडी वितळवलीस?"

"स्टेनलेसची. शाफ्ट स्टेनलेसचा, कांडी स्टेनलेसची. मी काय वेडा आहे?"

"एकच कांडी?"

तो कांदा चावत राहिला.

"झगलूल, मी तुझ्या आईच्या मयताला सात दिवस भात पाठवला होता."

"आता त्यात आईला कशाला आणता?" तो म्हणाला. "दोन प्रकारच्या होत्या. मऊ कांड्या पुरणार नव्हत्या. मग अधूनमधून उरलेल्या कडक वापरल्या. दोन्ही स्टेनलेसच्याच बरं का! वरून बघाल तर ओळखूसुद्धा येणार नाही."

"मऊ कुठे, कडक कुठे?"

"आता ते कसं सांगू? एक वेढा हिचा, एक वेढा तिचा. वारं पण होतं त्या दिवशी, एखाददुसरं भोक राहिलं असेल आत."

"आणि हे तू कुणाला सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. तुमचा जावई आला होता, शाफ्ट घेऊन गेला. माझ्या हातांकडे बघितलं आणि गेला."

मी त्याला काय बोलले ते राहू दे. त्याच्या होडीवरचे रंगारी खाली उतरून ऐकायला उभे राहिले एवढं सांगते.

म्हणजे एका फेऱ्यात मऊ, कडक, भोक, पुन्हा मऊ. लोखंड टिपेला कातू देत नव्हतं, मिनिटाला शंभर वेळा हातोडी मारत होतं. अशा कामाला ती सोनेरी सुई! ती गुळगुळीत, एकजात दांड्यावर शेवटचा हात फिरवायला चांगली. मी तिला नावं ठेवत नाही. लग्नाची चप्पल घालून कुणी खडकावर कालवं काढायला जात नाही, एवढंच.

तिथून मी बयूमीच्या घरी गेले. तो गच्चीवर कबुतरांची जाळी दुरुस्त करत होता. तारेला पीळ देत होता, बारीक, एकसारखा. मी जिन्यात उभी राहून त्याचे हात बघत राहिले. मग मलाच लाज वाटली, मीही हातांकडेच बघायला लागले म्हणून.

"या, हाज्जा. बसा."

"बसायला नाही आले. तुला ठाऊक होतं की ती टिप त्या कामाची नाही?"

"पहिल्या दिवशीच सांगितलं मी त्याला. म्हटलं, बाबा, हे वेल्डिंगचं काम आहे, टोक टिकणार नाही. त्याने खोकं दाखवलं. म्हणाला, वाचा, स्टेनलेससाठी लिहिलंय. मला कुठे वाचता येतं?"

"आणि वेग?"

"खोक्यासोबत आलेल्या पुस्तकातला. मशीन थडथडत होतं. कमी केला की तो येऊन परत वाढवायचा. वरची कातडी नुसती खरवडायला लावायचा, थोडी थोडी. मुतवल्ली असते तर..."

"मुतवल्ली असते तर तुझ्या पाठीत रट्टा घातला असता! वर मी बसलेय. जिना चढून येता आलं नाही तुला? दोन दिवस, अकरा टिपा, आणि तू गप्प?"

बयूमीने पक्कड खाली ठेवली. "हाज्जा, किल्ली तुम्ही सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिलीत. त्यानंतर जिना चढून तुमच्याकडे यायचं म्हणजे चहाडी. मी चहाडी करत नाही."

कुणी मला असं तोंडावर बोललेलं मला खपत नाही. तरी मी बयूमीला सोडून कबुतरांना नावं ठेवली. म्हटलं, "काय घाण करून ठेवलीये ही!" तो हसला.

"उद्या सकाळी ये," मी म्हटलं.

"ज्या दारातून मला घालवलं त्या दारातून मी येणार नाही."

"माझ्या जिन्याच्या दारातून ये. घर माझं आहे, तिथून तुला कुणी घालवलेलं नाही."

बुधवारी सकाळी तो आला, जिन्याच्या दारातून, चहाची पेटी काखेत. मी तांडेल तुलबाला बोलावून घेतलं होतं. मंगळवारी जे जे हजर होते त्या सगळ्यांना बोलावलं होतं. तुलबा चिडलेलाच होता. होड्या अडकवून ठेवणारं वादळ सरलं होतं, बाकीच्या होड्या गुरुवारी निघणार होत्या, आणि याचा शाफ्ट अजून चकात.

"हाज्जा, मला तमाशा नको, शाफ्ट हवाय," तो म्हणाला. "सोळा माणसं धक्क्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतायत."

"तुला शाफ्टच देते. उभा राहा."

मी वरून हलव्याचा जुना डबा आणला. त्यात मुतवल्लीच्या टिपा. चौकोनी, जाड, राखाडी, कोपरे बोथट वाटावेत इतके गोलसर. एका टिपेला आठ कोपरे, चार वर, चार खाली. दिसायला अगदी दरिद्री. पण हातोडी खाणारी जात. बयूमीने डब्यात बोट फिरवलं, दोन-तीन उलटसुलट केल्या, माझे लाल ठिपके बघितले आणि बिनठिपक्याची एक उचलली.

"हिचा होल्डर?" त्याने विचारलं.

मी वगदीकडे बघितलं. वगदीने माझ्या हातांकडे बघितलं.

"तो जुना होल्डर... मी जागा केली हाज्जा, नव्या होल्डरना जागा हवी होती..."

मुतवल्लीचा होल्डर भंगाराच्या टोपलीत होता! गंजलेल्या खिळ्यांखाली. मीच हात घालून काढला, माझ्याच ओढणीने पुसला. बोलायचं सगळं मी शेवटासाठी राखून ठेवत होते.

बयूमीने टिप बसवली, स्क्रू आवळला, होल्डर आखूड धरला, मशीनचा वेग थेट खालच्या गियरवर आणला.

"इतक्या कमी वेगात?" वगदी म्हणाला. "अहो, पुस्तकात..."

"पुस्तकात आपलं मशीन आहे का?" तुलबाच म्हणाला. मला तांडेल पहिल्यांदाच आवडला.

बयूमीने थराची कातडी खरवडली नाही. टिप एकदम खोल घातली, कातडीच्या खाली, थराच्या पोटात. मशीन घुमलं. आधी ठक-ठक-ठक, मग घर्र, मग पुन्हा ठक-ठक. जाड, आखूड, निळसर कीस टपाटप ट्रेमध्ये पडायला लागला. मी बयूमीच्या हातांकडे बघितलं नाही. डोळे मिटून ऐकत राहिले. टिप मोडते तेव्हा आवाज बदलतो, हे मला न बघताही कळतं.

मध्येच आवाज बदलला.

वगदी लगेच पुढे झाला. "बघा! मोडली की नाही?"

मोडली होती. बयूमीने मशीन थांबवलं, टिप काढून तळहातावर घेतली, आणि शाफ्टवर नखाने एक जागा दाखवली. चण्याएवढं भोक. झगलूलचं. तुलबा वाकून बघत म्हणाला, "त्याच्या तर..." आणि मी तिथे आहे हे आठवून गप्प झाला. बयूमीने टिप फिरवली, पुढचा कोपरा लावला, मशीन सुरू केलं. ते भोक त्या खेपेला कापलं गेलं, दुसऱ्या खेपेला नाहीसं झालं. थर मापाच्या जवळ येईपर्यंत एक टिप लागली, आठ कोपऱ्यांतले तीन. अकरा नाही.

शेवटी, नखाच्या जाडीएवढंच कातायचं उरलं होतं तेव्हा, बयूमी वगदीकडे वळला आणि हात पुढे केला. "आता ती सोनेरी दे."

"काय?"

"आता खाली सगळं एकसारखं झालंय. आता तिचं काम. चांगली टिप आहे ती."

वगदीने आणून दिली. बयूमीने त्या सोनेरी सुईने, वेग वाढवून, शेवटचा हात असा फिरवला की शाफ्टमध्ये तुलबाच्या मिशा दिसायला लागल्या. मायक्रोमीटर लावला, तुलबाच्या हातात दिला. तुलबाने वाचलं, शाफ्टचं चुंबन घेतलं, खांद्यावर टाकायला माणसं बोलावली. चहा आला. बयूमीचा ग्लास बशीवर खळखळला. कुणी तिकडे बघितलं नाही.

आणि वगदी काय करतो? माझ्या जवळ सरकतो आणि हळूच म्हणतो. एरवी मला हाज्जा म्हणतो, अडचणीत आला की आई.

"आई, मला काय माहीत झगलूलने दोन कांड्या वापरल्या? चूक खरं तर त्याची आहे. मी उद्याच दुमयातला जाऊन या चौकोनी टिपांचं खोकं आणतो. उस्ताला म्हणावं, झालं गेलं सोडून दे."

म्हणजे अजूनही दुसऱ्याचेच हात! काल बयूमीचे, आज झगलूलचे. आणि 'म्हणावं' कुणी? मी!

मी ग्लास खाली ठेवला. ते चौघेही ऐकतील एवढ्या आवाजात बोलले, आणि मला हळू बोलता येत नाही हे बुर्गला माहीत आहे.

"वगदी, माझ्या हातांकडे बघू नकोस, तोंडाकडे बघ. टिप चुकीची आणलीस याचा मला राग नाही, मुतवल्लीने पोतंभर चुकीच्या आणल्या होत्या. झगलूलला विचारलं नाहीस, तेही समजू शकते, मीसुद्धा किल्ली देताना बयूमीला विचारलं नव्हतं, आणि ते मी आज या सगळ्यांसमोर त्याला सांगते. पण तुझं सोनं तुटलं तेव्हा तू टिपेचा कोपरा बघितला नाहीस, माणसाचा हात दाखवलास. ती किल्ली काढ. बयूमीला दे. तो सांगेल ती टिप तू आणायची, आणि आणण्याआधी गोदीत जाऊन काय वितळवलंय ते विचारून यायचं, खाली उकिडवं बसून. रोज संध्याकाळी वर माझ्याकडे यायचं आणि संपलेल्या कोपऱ्यांना लाल ठिपके लावायचे, टिप कशाने मेली ते एकेकीचं मला सांगायचं, न चुकता सांगता येईपर्यंत. आणि आत्ता, त्याचा चहा संपायच्या आत, मंगळवारी जितक्या मोठ्याने बोलला होतास तितक्याच मोठ्याने बोल की हात त्याचा चांगला होता, निवड तुझी वाईट होती. ते म्हणालास तर संध्याकाळी माशाचा भात आहे, ये जेवायला. नाही म्हणालास तर नगातला आणि पोरांना पाठव, तू येऊ नकोस."